श्रद्धा, संमती आणि त्रैक्य : पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहारातील एक अनुत्तरित वाद

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या धर्मांतराविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. ‘केसरी’ने त्यांच्यावर टीका केली, तर महात्मा फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. देवदत्त नारायण टिळक यांनी १९६० मध्ये त्यांचे विस्तृत चरित्र लिहिले आणि अलीकडच्या स्त्रीअभ्यासकांनी त्यांच्या कार्याची नव्याने मांडणी केली. या लेखनाच्या भूमिका परस्परविरोधी असल्या तरी त्यांत एक साम्य आढळते. रमाबाईंनी हिंदू धर्म का सोडला, हा या सर्वांचा मुख्य प्रश्न आहे. त्यांनी नेमके काय स्वीकारले, कोणत्या अटींवर स्वीकारले आणि जे स्वीकारावे अशी अपेक्षा होती ते सर्व त्यांना स्वीकारता आले का, हे प्रश्न मराठी समीक्षेत फारसे विचारले गेले नाहीत. गौरी विश्वनाथन यांच्यासारख्या इंग्रजीत लिहिणाऱ्या अभ्यासकांनी १९९८ च्या सुमारास या बाजूकडे लक्ष वेधले. मराठीत मात्र ख्रिस्ती धर्मशास्त्र हा चर्चच्या आवारातला विषय मानला गेल्यामुळे रमाबाईंचे धर्मचिंतन त्यांच्या समाजकार्याच्या सावलीतच राहिले. एका शास्त्रसंपन्न विदुषीच्या वैचारिक जीवनातील सर्वांत कठीण काळ त्यामुळे दृष्टीआड झाला. हा काळ १८८४ ते १८८६ असा आहे.

या काळाचे प्रमुख साधन म्हणजे सिस्टर जेराल्डिन यांनी संकलित केलेला आणि अ. भि. शहा यांनी संपादित केलेला पत्रव्यवहार. तो १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. मराठी स्त्रीची ही महत्त्वाची वैचारिक पत्रे इंग्रजीत आहेत आणि ती एका इंग्रज संन्यासिनीने जपून ठेवली आहेत, हे ध्यानात घ्यावे लागते. याहून महत्त्वाचे हे की, येथे संकलक हीच वादातील प्रतिपक्ष आहे. पत्रांसोबत जेराल्डिन यांची स्पष्टीकरणेही येतात आणि त्यांतून आपल्या शिष्येचे कोठे चुकले, हे सांगण्याचा त्यांचा प्रयत्न लपत नाही. असे असूनही रमाबाईंचे युक्तिवाद त्यांनी वगळले नाहीत. रमाबाईंना अहंकारी ठरवण्यासाठी जी पत्रे पुरावा म्हणून जपली गेली, त्याच पत्रांतून आज त्यांची बौद्धिक निष्ठा वाचता येते. मनोरमा आणि रमाबाई जेराल्डिन यांना ‘आजीबाई’ म्हणत असत. वादाच्या ऐन भरातही हे संबोधन टिकून राहिलेले दिसते. ही पत्रे केवळ सत्तासंघर्ष म्हणून वाचणाऱ्यांनी या एका शब्दाचाही विचार करावयास हवा.

रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि वाँटिज येथील सेंट मेरी भगिनीसंघात राहिल्या. या संघाची पुण्यातही शाखा होती. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. या निर्णयामागील कारणे त्यांनी १९०७ च्या आपल्या आत्मनिवेदनात सांगितली आहेत. सिल्चर येथे पतीच्या ग्रंथसंग्रहात त्यांना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली होती. पुढे नेहेम्या (नीळकंठशास्त्री) गोरे यांच्याशी पुण्यात परिचय झाला आणि त्यांच्या पत्राने बुद्धीची तयारी झाली. निर्णायक ठरला तो मात्र फुलहॅम येथील आश्रम. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांची सेवा तेथे भगिनी करीत होत्या. ज्या धर्मशास्त्राचा रमाबाईंनी अभ्यास केला होता, त्यात अशा स्त्रीसाठी करुणेची जागा त्यांना आढळली नव्हती. योहानाच्या शुभवर्तमानातील शमरोनी स्त्रीच्या कथेचा अर्थ त्यांना तेथे कळला.

हा क्रम महत्त्वाचा आहे. रमाबाईंनी प्रथम आचार पाहिला, मग आचारामागील व्यक्ती ओळखली आणि सिद्धान्ताचा प्रश्न त्यानंतर आला. चर्चची अपेक्षा याच्या उलट नसली, तरी बाप्तिस्म्यासोबत सिद्धान्ताचे संपूर्ण गाठोडेही स्वीकारले गेले, असे त्यांच्या मार्गदर्शकांनी गृहीत धरले होते. पुढील सर्व संघर्ष या गृहीतकातून उद्भवला.

वादाच्या केंद्रस्थानी त्रैक्याचा सिद्धान्त आहे. देव एकच, परंतु पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन व्यक्तींत तो आहे, आणि या तिघांचे तत्त्व एकच आहे, असे हा सिद्धान्त सांगतो. ३२५ ची निकियाची परिषद आणि ३८१ ची कॉन्स्टँटिनोपलची परिषद यांतून त्याची मांडणी स्थिरावली. अँग्लिकन प्रार्थनाग्रंथात तीन विश्वासांगीकार आहेत : प्रेषितांचा, निकियाचा आणि अथानेशियसच्या नावाने ओळखला जाणारा. यांपैकी तिसरा अथानेशियसने लिहिलेला नाही. तो मूळचा लॅटिन आणि नंतरच्या काळातला आहे. त्रैक्याची सर्वांत काटेकोर व्याख्या त्यात आहे. तसेच ती जशीच्या तशी न मानणाऱ्याचे तारण नाही, अशी दंडवचनेही त्यात आहेत. रमाबाईंनी नेमका याच विश्वासांगीकाराला नकार दिला. आपण प्रेषितांचा विश्वासांगीकार मानून बाप्तिस्मा घेतला, अथानेशियसचा मानून नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. ख्रिस्त तारणारा आहे यावर त्यांची निष्ठा होती. परंतु तो पित्याशी सर्वथा समान असा देव आहे, हे शास्त्रवचनांतून निःसंदिग्धपणे निघते असे त्यांना वाटत नव्हते.

हा नकार म्हणजे ब्राह्मो एकेश्वरवादाचा अवशेष होय, असे निदान वाँटिजमध्ये केले गेले. ते पूर्णतः चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे आणि सोयीचेही आहे. अथानेशियसच्या दंडवचनांविषयी खुद्द इंग्लंडच्या चर्चमध्ये १८७० नंतरच्या काही वर्षांत मोठा वाद झाला होता. ही वचने सार्वजनिक उपासनेत म्हणावीत की नाहीत, यावर धर्माधिकाऱ्यांतच दोन तट पडले होते. त्याआधी नाताळचे बिशप कोलेन्झो यांनी १८६२ पासून मोशेच्या पंचग्रंथाची चिकित्सा प्रसिद्ध केली. तिच्या मुळाशी त्यांच्या झुलू सहकाऱ्याने जलप्रलयाच्या कथेविषयी विचारलेला साधा प्रश्न होता : हे सारे खरोखरच घडले का? अर्थात इंग्रज ख्रिस्ती मनुष्याने शंका घेतली तर ती ‘उदारमतवाद’ ठरे आणि हिंदुस्थानातील नवख्रिस्ती स्त्रीने तीच शंका घेतली तर तिच्या जुन्या धर्माची खोड ठरे. शंकेचे मूल्य शंका घेणाऱ्याच्या कुळावरून ठरवणे ही रीत रमाबाईंना नवी नव्हती.

रमाबाईंच्या युक्तिवादाची रीत पाहिली तर तिच्यामागे ब्राह्मो समाजापेक्षाही जुना वारसा दिसतो. श्रुती आणि स्मृती यांत विरोध आल्यास श्रुतीच प्रमाण, हा मीमांसेचा प्रसिद्ध नियम आहे. रमाबाई बायबलला श्रुतीच्या जागी ठेवतात आणि विश्वासांगीकार, धर्मपरिषदा व अँग्लिकन चर्चचे एकोणचाळीस लेख यांना स्मृतीच्या जागी. ही परिभाषा त्या इंग्रजी पत्रांत वापरीत नाहीत; परंतु युक्तिवादाची चाल तीच आहे. या भेदाला त्यांच्या लेखी निव्वळ तार्किक महत्त्व नव्हते. स्मृतिकारांचा आणि टीकाकारांचा अधिकार स्त्रियांविरुद्ध कसा वापरला जातो, हे त्यांनी कोलकात्यात धर्मशास्त्राचे अध्ययन करताना पाहिले होते. वेद वाचण्यास केशवचंद्र सेन यांनी सुचवले तेव्हा स्त्रीला तो अधिकार नाही या संस्काराने त्या प्रथम बिचकल्या होत्या. एका पुरोहितवर्गाच्या अधिकारातून कष्टाने बाहेर पडल्यावर दुसऱ्या पुरोहितवर्गाची आज्ञा हीच देवाची आज्ञा मानावी, हे त्यांना मान्य होणे शक्यच नव्हते. १८८५ च्या पत्रात त्यांनी हे स्पष्टपणे कळवले.

येथे एका गोष्टीची विशेष नोंद घ्यावयास हवी. त्रैक्य भारतीय मनाला सुलभ व्हावे यासाठी एक पूल त्या काळी बांधला जात होता. केशवचंद्र सेन यांनी १८८२ च्या आपल्या व्याख्यानात त्रैक्याचा अर्थ सत्, चित् आणि आनंद या त्रयीच्या आधारे लावला होता. पुढे ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी त्याच धाग्यावर संस्कृत स्तोत्र रचले. केशवचंद्रांचा परिचय असलेल्या, संस्कृतवर प्रभुत्व असलेल्या रमाबाईंना ही वाट सहज उपलब्ध होती. त्यांचा युक्तिवाद त्या वाटेने जात नाही. सच्चिदानंद हे ब्रह्माचे स्वरूपलक्षण आहे. त्यात सत् चित्‌वर प्रेम करीत नाही, चित् सत्‌ची प्रार्थना करीत नाही. शुभवर्तमानातील पुत्र मात्र पित्याची प्रार्थना करतो. रमाबाईंची अडचण येथेच होती : जो प्रार्थना करतो आणि ज्याची प्रार्थना केली जाते, ते एकच कसे? मोहक साम्यावर विसंबून ही अडचण झाकणे त्यांना जमले नाही. समन्वयाचे कौतुक करण्याची सवय लागलेल्या वाचकाला हा कोरडेपणा वाटेल. प्रत्यक्षात ती तार्किक प्रामाणिकपणाची खूण आहे.

भाषेचा अडसरही दुर्लक्षिण्याजोगा नाही. ‘तीन व्यक्ती’ या सूत्रातील लॅटिन शब्दाचा प्राचीन अर्थ आणि एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी ‘पर्सन’ या शब्दाचा रूढ अर्थ यांत मोठे अंतर पडले होते. स्वतंत्र बुद्धी व इच्छा असलेला एक जीव, असा अर्थ घेऊन ते सूत्र ऐकणाऱ्याला तीन देव दिसणे अपरिहार्य होते. रमाबाई इंग्रजी शिकत असतानाच त्या भाषेतून हा सिद्धान्त शिकत होत्या. त्यांच्या मार्गदर्शकांनी हे रहस्य आहे, ते नम्रतेने स्वीकारावे, असे सांगितले. शब्दाचा इतिहास उलगडून सांगण्याचा प्रयत्न झाला असता तर वादाचे स्वरूप कदाचित वेगळे झाले असते. चेल्टनहॅम महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्या पत्रांत मात्र उपदेशाऐवजी संवादाचा सूर आढळतो. प्रश्न विचारणे म्हणजे विश्वासघात नव्हे, ही जाणीव त्यांना होती. रमाबाईंची तत्त्वचर्चा बीलबाईंना लिहिलेल्या पत्रांत अधिक मोकळी होते, हे साहजिकच आहे.

सिद्धान्ताचा वाद आणि दैनंदिन जीवनातील खटके वेगळे काढता येत नाहीत. अंडे घातलेला गोड पदार्थ रमाबाई खात नाहीत, याचा अर्थ जात्यभिमान शिल्लक आहे, असा लावला गेला. क्रॉसवर लॅटिन अक्षरे असावीत की संस्कृत, हा प्रश्न निघाला तेव्हा लॅटिनला पावित्र्य असेल तर ते ब्राह्मणांच्या संस्कृताभिमानाहून वेगळे कसे, असे त्यांनी विचारले. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, याविषयी हिंदुस्थानातील बिशपांनी प्रतिकूल मत दिले. ज्या स्त्रीने पुरुषांच्या सभांत व्याख्याने दिली होती आणि जिला कोलकात्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ ही पदवी दिली होती, तिला हा सल्ला अनाकलनीय वाटला. जे धर्माधिकारी शिकवण्यास मनाई करतात तेच त्रैक्य मानण्याची आज्ञा देतात, तेव्हा दोन्ही आज्ञांची पारख एकाच मापाने होणार. मनोरमेच्या शिक्षणाचा प्रश्न तर सर्वांत नाजूक होता. जे आपल्याला स्वतःला पटलेले नाही ते आपल्या अपरोक्ष लहान मुलीच्या मनावर बिंबवले जाऊ नये, ही आईची अपेक्षा होती. भगिनींच्या दृष्टीने मात्र बाप्तिस्मा झालेल्या मुलीला चर्चची शिकवण न देणे हे कर्तव्यच्युती ठरले असते. येथे दोन्ही बाजू आपापल्या परीने प्रामाणिक आहेत, म्हणूनच हा प्रसंग क्लेशकारक आहे.

रमाबाईंची भूमिका मात्र सर्वस्वी निर्दोष मानता येत नाही. बायबल प्रमाण आणि चर्चची सूत्रे गौण, असे म्हणताना बायबलचे ग्रंथ कोणी निवडले, हा प्रश्न त्या विचारीत नाहीत. मीमांसकांची श्रुती अपौरुषेय आहे. तिला कोणी निवडलेले नाही. नव्या कराराची गोष्ट वेगळी आहे. ज्या चर्चने विश्वासांगीकार रचले त्याच चर्चने कोणती शुभवर्तमाने आणि कोणती पत्रे प्रमाण मानायची, हे ठरवले. आज मान्य असलेल्या नव्या करारातील नेमक्या सत्तावीस पुस्तकांची यादी प्रथम आढळते ती ३६७ मधील एका पत्रात, आणि ते पत्र अथानेशियसचे आहे. ज्याच्या नावावरील विश्वासांगीकार रमाबाईंनी नाकारला, त्याच्याच यादीतील ग्रंथांच्या आधारे तो नाकारला. म्हणजे येथे श्रुतीची निवड स्मृतिकारांनी केली आहे. हा मुद्दा लक्षात घेतला की जेराल्डिन यांच्या आग्रहातील तथ्यही दिसू लागते : परंपरा पूर्णतः बाजूला ठेवून शास्त्र हाती राहत नाही. खेद एवढाच की, त्यांनी हा युक्तिवाद समर्थपणे मांडण्याऐवजी नम्रता आणि आज्ञापालन यांवरच भर दिला. बौद्धिक आक्षेपाला नैतिक दोष ठरवले की संवाद संपतो, आणि तसेच झाले.

याच चर्चमध्ये आलेल्या दुसऱ्या मराठी पंडिताशी तुलना केल्यास रमाबाईंचे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. नीळकंठशास्त्री गोरे (१८२५–१८९५) यांनी बाप्तिस्म्यापूर्वी, १८४४–४५ मध्ये, जॉन म्यूर यांच्या ‘मतपरीक्षा’ या संस्कृत ग्रंथाला उत्तर म्हणून ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहिला. पूर्वकर्म मानले नाही तर जन्मजात विषमता आणि निरपराधांचे दुःख यांचा हिशोब कसा लावायचा, आणि तसे असता निर्माता निर्दय ठरत नाही काय, हा त्यातील बिनतोड आक्षेप होता. १८४८ मध्ये गोरे ख्रिस्ती झाले आणि १८६० मध्ये ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून त्यांनी हिंदू दर्शनांचे खंडन केले. तथापि शंकांनी त्यांचा पिच्छा सोडला नाही. त्या शंकांवर त्यांनी शोधलेला उपाय म्हणजे चर्चचा अधिकार : बुद्धी थकते तेथे परंपरेच्या हाती स्वतःला सोपवणे. रमाबाईंच्या धर्मांतरास साहाय्यभूत झालेला हा गुरू आणि त्याची शिष्या यांची शंका घेण्याची ताकद सारखीच आहे. शंकेनंतरची पावले मात्र विरुद्ध दिशांना पडतात. गोऱ्यांना अधिकारात विसावा मिळाला, रमाबाईंना त्याच अधिकारात धोका दिसला. हा फरक केवळ स्वभावाचा मानणे कठीण आहे. परंपरेच्या अधिकाराने गोऱ्यांना शास्त्री केले होते. त्याच अधिकाराने रमाबाईंना वेद वाचण्याची मनाई केली होती.

फेब्रुवारी १८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या. त्रैक्यावरील वाद कोणत्याही निर्णयाविना थांबला. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन होते, म्हणजे त्रैक्य न मानणाऱ्या पंथाचे. त्यांच्यासोबत त्रैक्य मानणाऱ्या पंथांचे धर्मगुरूही एकत्र आले. या असोसिएशनच्या पाठबळाने १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या शारदा सदनाचे धोरण धर्माच्या बाबतीत तटस्थ ठेवण्यात आले होते. जो प्रश्न वाँटिजमध्ये मिटू शकला नाही तो येथे काही काळ बाजूला ठेवणे शक्य झाले. मात्र १८९३ मध्ये सदनातील मुलींच्या ख्रिस्ती धर्माकडील ओढ्यावरून पुण्यात वादळ उठले आणि तटस्थतेलाही मर्यादा असतात हे दिसून आले.

१८९१ च्या सुमारास रमाबाईंच्या धार्मिक जीवनाला वेगळे वळण मिळाले. आपण ख्रिस्ताचा धर्म स्वीकारला होता, खुद्द ख्रिस्त अद्याप सापडला नव्हता, अशा आशयाची कबुली १९०७ च्या आत्मनिवेदनात येते. पुढील लेखनात ख्रिस्ताच्या देवत्वावरील आक्षेप उरत नाही. या बदलाचे दोन अर्थ लावले जातात. श्रद्धावान चरित्रकारांच्या मते शंकेचे ढग विरले. काही आधुनिक अभ्यासकांच्या मते एका बंडखोर बुद्धीने शरणागती पत्करली. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. आत्मनिवेदनात त्रैक्याविषयीच्या जुन्या युक्तिवादांचे खंडन येत नाही. ते युक्तिवाद चुकले होते असे सिद्ध करण्याची गरज रमाबाईंना भासलेली नाही. त्यांची संमती अखेर आली, परंतु ती मागितल्या वेळी, मागणाऱ्याच्या अटींवर आली नाही. बिशपांच्या पत्राने किंवा भगिनींच्या उपदेशाने जे साधले नाही ते त्यांच्या स्वतःच्या वाचनातून आणि प्रार्थनेतून साधले. म्हणजे १८८५ मध्ये ज्या तत्त्वासाठी त्या भांडल्या ते तत्त्व १८९१ मध्येही त्यांनी सोडलेले नाही. त्यांचे निष्कर्ष चर्चच्या जवळ गेले, पण निष्कर्षाप्रत येण्याचा हक्क त्यांनी स्वतःकडेच ठेवला. केडगाव येथील मुक्ती मिशन त्यांनी कोणत्याही एका चर्चच्या अधिपत्याखाली जाऊ दिले नाही, ही गोष्ट या संदर्भात पुरेशी बोलकी आहे.

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्द खेड्यातील बायकांना कळत नाहीत आणि त्या शब्दांसोबत हिंदू दर्शनांचे अर्थही नकळत येतात, असा त्यांचा आक्षेप होता. वाङ्मयीन दृष्ट्या हे भाषांतर खडबडीत आहे आणि मराठी ख्रिस्ती समाजात ते फारसे रुजले नाही. तथापि १८८५ चा पत्रव्यवहार वाचल्यानंतर त्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहता येते. ज्या विदुषीला परभाषेतील एका शब्दावर विश्वास ठेवा असे सांगितले गेले होते, तीच आता मूळ भाषांपर्यंत जाऊन प्रत्येक शब्द पारखत होती. ‘त्रैक्य’ हा शब्द बायबलमध्ये कोठेही येत नाही, त्यामुळे त्याला मराठी प्रतिशब्द शोधण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. मत्तयाच्या शेवटच्या अध्यायातील पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देण्याची आज्ञा मात्र त्यांना मराठीत आणावी लागली. वाँटिज येथे १८८३ मध्ये त्यांचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा याच सूत्राने झाला होता. मनोरमा १९२१ मध्ये वारली; भाषांतराचे काम संपवून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला.